काकाच्या नावाचा करा

बा, तुला लिहायचं मी किती दिवस टाळतोय. आधी म्हटलं शाई नाही. शाई मिळाली तर पुलगावचं गिरणीतलं काम सुटलं, मग सेलूला एका आडत्याकडे कापसाची ओझी उचलली, तिथूनही निघालो. पाय एका जागी ठरत नाहीत ही तुझीच तक्रार. शाळाही चौथीत सुटली, तेव्हा अक्षर असंच येणार.

आज अखजी, मेलेल्यांना पाणी द्यायचा दिवस, म्हणून टेकडीवर आलो. गाव म्हणण्यासारखं काही उरलं नाही. तुझ्या आजोबाच्या बापानं गुरं चारताना झरा पाहिला आणि इथंच खुंटा ठोकला, असं तू सांगायचास. झरा आटत गेला तसे लोक घरं उकलून, दारं-वासे गाडीत घालून खाली रोहण्याकडे उतरले. उघड्या जोत्यांवर वाळला तरोटा उभा आहे. पायथ्याची वस्ती तेवढी भरली आहे. तिथली माणसं नागपूरला दीक्षा घेऊन आली आणि मेलेल्यांच्या नावानं मातीचे करे पाण्यानं भरणं त्यांनी सोडलं. तिथला माझा एक सोबती म्हणतो, "मेलेल्यायचं भेव संपलं गड्या." मला त्याचा हेवा वाटला. पण ते राहू दे. टेकडीवर आता आपलं घर, आणि त्यात एकटी काकू.

माझ्या लहानपणची ती अखजी अजून डोळ्यांसमोर आहे. तू अंगणात सारवलेल्या जागेवर करे मांडतोयस, प्रत्येकावर एक आंबा. एक करा नवा आहे. मी विचारतो, हा कोणाचा? "तुया काकाचा." काका झऱ्यावरून तुझ्याशी भांडून गेला होता. म्हणाला होता, "पानी नाई त्या गावात मेलेल्यायले धरून काऊन बसतं? चाल खाली." तू म्हणालास, "जा तं मंग. तोंड दाखवू नको." त्यानंतर त्याचा ना निरोप, ना पत्ता. आई चुलीपासून ओरडते, "जित्या माणसाचा करा भरून राह्यले काय हो?" तू वर न पाहता म्हणतोस, "जिता असता तं आला असता." मग निखाऱ्यावर तुपाचा घास सोडून त्याचं नाव घेतोस आणि धूर घरात शिरतो. आत काकू कुरड्या तळत होती. तिनं कढई उतरवली आणि पदरानं कुंकू पुसलं. तिला कोणी सांगितलं नाही. सांगायचं काय होतं? करा भरला म्हणजे माणूस गेला. पुढं पाटाची, दुसऱ्या लग्नाची, बोलणी आली, तीही तिनं परतवली. म्हणाली, "मी पुरी विधवा तरी कुठं हावो?"

तू गेलास, मग आई गेली, आणि करे भरणं माझ्याकडे आलं. आज सकाळी काकू म्हणाली, "बाप्पा, यंदा त्यायचा करा नको भरू."

"काऊन वं काकू?"

"असंच. तुया बाच्या हातानं माह्यं कुकू गेलं. तुया हातानं तरी…" ती आत गेली.

मी भरला. श्रद्धा वगैरे काही नाही बा, तू घालून दिलेलं मोडायचं भेव वाटलं. आणि ज्यानं खुंटा ठोकला त्याचं नावच मला आठवेना. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून पाणी सोडलं. एवढंच सांगायचं होतं. हा कागद टाकायचा कुठं? वळचणीला खोचून ठेवीन.

थांब, कुत्रं भुंकतंय.

बाहेर जाऊन आलो. एक माणूस टेकडी चढून आलाय, दाढी पांढरी, एक पाय ओढत. ओसरीला टेकला आणि म्हणाला, "झरा गेला काय रे? कोनाचा तू?" मी तुझं नाव सांगितलं. तो अंगणातल्या कऱ्यांकडे पाहत राहिला. "म्हंजे दादा गेला," म्हणाला. मग शेवटच्या कऱ्याकडे बोट केलं. "हा कोनाचा?"

काकू दारात येऊन उभी आहे, हात रिकाम्या कपाळावर. तो पाणी मागतोय. खालून आणलेलं सगळं पाणी सकाळीच कऱ्यांत गेलं, बा. आता काकू अंगणात उतरलीय. तिनं आंबा बाजूला ठेवला आणि त्याच्याच नावाचा करा उचलला.