गच्चीवरच्या आट्यापाट्या

बडनेरा,
होळीच्या आधीचा सोमवार

तीर्थस्वरूप खुशालभाऊ,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे भगवंताचा, दुरूनच वाकून नमस्कार (पायाला हात लावायची सध्या सरकारची परवानगी नाही). अकोल्याच्या दवाखान्यातून घरी येऊन तुम्हाला महिना होत आला. रिपोर्ट चांगला, छाती मोकळी, तरी तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असता, अंगणातसुद्धा येत नाही, असं मनकर्णावहिनी सांगतात. त्यांनी फोन तुमच्या कानाला लावला की "बरं हाय" म्हणून तुम्ही तो परत देता. म्हणून हे पत्र. याला "बरं हाय" म्हणून चालणार नाही.

इकडची हकीकत अशी की पुन्हा टाळेबंदी लागली. देवळं बंद, म्हणून माझं हारफुलांचं दुकानही बंद. (देवाला फुलांवाचून चालतं, हे आम्हा फुलवाल्यांना यंदा कळलं. वाईट वाटलं, पण घरी झेंडूचं एक फूल वाहून मी त्याला माफ केलं.) घरात पाय आखडले आणि डोकं त्याहून जास्त. शेवटी आमची सौ. संध्या म्हणाली, "येरझारा नोका घालू, मले घेरी येते. गच्चीवर जा."

गच्चीवर चालून चालणार तरी किती? चारही कोपरे पाठ झाले. मग गावच्या आट्यापाट्या आठवल्या. नदीच्या रेतीत तुम्ही लोट्यानं पाणी ओतत पाट्या आखायचे, आणि पाटीवर हात पसरून उभे राहिले की पलीकडचा सूर्यही तुमच्यामुळेच अडून बसला आहे असं मला वाटे. तरी मी तुमच्या बगलेखालून निसटायचो. (तुम्ही मुद्दाम हात वर धरायचे, हे मला मी बाप झाल्यावर समजलं.) खेळ संपला की मारोतीपुढे गुळाचा खडा. अर्धा देवाला, अर्धा तुम्हाला, आणि मला तुमची बोटं चाटायला. तेवढ्यावर रात्री काय झोप लागायची!

तर मी भांडी घासायची राख नेली आणि गच्चीवर पाट्या आखल्या. कोपऱ्यांना खुणेसाठी दगड हवे होते. गच्चीवर दगड कुठला? काढ्यासाठी आणलेली लिंबं ठेवली. अडवायला कोणी नव्हतं, म्हणून अडवणाराही मीच आणि पळणाराही मीच. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बेबीताई पापड वाळत घालायला आल्या. त्यांनी काय पाहिलं? राखेच्या रेघा, कोपऱ्यांवर लिंबं आणि मधोमध हात पसरून घुमणारा मी. ताट तिथेच टाकून त्या खाली पळाल्या. थोड्याच वेळात अख्खी बिल्डिंग जिन्यात, तोंडाला मास्क लावून, एकेक पायरी सोडून उभी. सगळ्यांपुढे बेबीताई, हातात लाटणं.

"कोनावर करणी करून राहिले जी?"

"आट्यापाट्या खेळून राहिलो, ताई."

"एकटेच?"

त्यांनी रेघा नीट निरखल्या. मग म्हणाल्या, "मंधातली पाटी वाकडी हाय तुमची," आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. आता शिवायचं कसं? अंतर तर पाळलं पाहिजे. तर लाटण्यानं! भाऊ, त्यांची पाटी ओलांडणं काय असतं ते माझ्या बरगड्यांना विचारा. जिन्यातली माणसं मास्कच्या आत हसत होती, ते त्यांच्या पोटांवरून कळत होतं. तेव्हापासून दिवाबत्ती झाली की रोज खेळ रंगतो. भूक लागते, झोप लागते, मन कसं हलकं राहतं. आमची अजिबात काळजी करू नका.

वहिनींना नमस्कार.

आपला,
भगवंत

ता. क. – दिवेलागणीला मी फोन करीन. उचला आणि खिशात टाका. बोलायचं काहीच नाही. अंगणात तुम्ही चाला, गच्चीवर मी चालतो. मला फक्त तुमच्या चपलांचा आवाज येऊ द्या. दम लागला तर थांबा, मीही थांबीन.

आणखी एक – रोज खेळ रंगतो असं वर लिहिलं, ते खरं नाही. तो एकच दिवस झाला. दुसऱ्याच दिवशी बेबीताईंच्या घरी पेशंट निघाला. सगळे बरे आहेत, पण आता कोणी दार उघडत नाही. संध्यापुढे मी हसतं तोंड ठेवतो आणि वर येऊन पाण्याच्या टाकीला टेकून बसतो. तुमच्यासाठी म्हणून नका चालू, भाऊ. मले एकट्याले लय भेव वाटते.