शुक्रवारी सहाच्या खेळाला दारे उघडी ठेवण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
बाजारपेठ पोलीस ठाणे.

विषय : चित्रपटगृहातील महिला कर्मचाऱ्याचा पाठलाग व उद्याच्या शेवटच्या खेळाचा बंदोबस्त.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज (दप्तरी दाखल).
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज (सापडत नाही, असे सांगण्यात आले).
३) ठाण्यातील हवालदारांनी दिलेला तोंडी सल्ला.

महोदय,

१. अर्जदार ही बाजारातल्या जुन्या, एका पडद्याच्या चित्रपटगृहात कामाला आहे. उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवणे, मध्यंतरात दारे उघडणे आणि खेळ सुटल्यावर खुर्च्यांखाली राहिलेल्या छत्र्या, डबे, चपला ऑफिसात जमा करणे, हे तिचे काम. बाजारात तिला सगळे बॅटरीवाली म्हणतात. त्याबद्दल तिची तक्रार नाही.

२. सध्या तिथे चालू असलेला चित्रपट आपणही ऐकून असाल, कारण त्यातले गाणे रिक्षांपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे वाजते. त्यात नायक एका शिक्षिकेच्या मागे लागतो. ती नाही म्हणते. तो लागतच राहतो. ती जितकी चिडते तितक्या शिट्ट्या पडतात. अर्जदाराने तो इतक्यांदा पाहिला आहे की पडद्यावरच्या माणसाआधी तिच्याच ओठांवर पुढचे वाक्य येते.

३. गैरअर्जदार हा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. माणूस सभ्य दिसतो, कपडे इस्त्रीचे, आवाज हळू. दुपारच्या खेळाला तो शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची घेतो. अर्जदाराला आधी वाटले, चित्रपटाचा वेडा असेल. मग तिच्या लक्षात आले की गाणे चालू असताना त्याचे तोंड पडद्याकडे नसते. दाराशी ती उभी असते, तिकडे असते.

४. पुढे त्याने नायकासारखाच निळा शर्ट शिवून घेतला. नायक बसथांब्यावर वाट पाहतो, हाही पाहू लागला. नायक नायिकेचे नाव हातावर गोंदवतो. याने अर्जदाराचे गोंदवले आणि मध्यंतरात, भर व्हरांड्यात, बाही वर करून दाखवले. लोकांनी मोबाइल काढले. अर्जदार स्पष्ट म्हणाली, "मला हे नको आहे. इथून जा." तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्यातून तिचे वाक्य कापले होते आणि त्या जागी गाणे घातले होते. खाली अनोळखी माणसांनी, त्यात बायकाही आल्या, तिला भाव खाणारी म्हटले. गर्दी वाढली म्हणून मालक खूश झाले. त्यांनी अर्जदाराला कामावर असताना जरा हसतमुख राहायला सांगितले.

५. यावर तिने पहिला अर्ज दिला. गैरअर्जदाराला ठाण्यात बोलावून समज देण्यात आली आणि चहाही. टेबलावर अर्ज उघडाच पडला होता, त्यावर अर्जदाराचा पत्ता होता. त्याच आठवड्यात तो घरी आला. आईच्या पाया पडला, तिच्या चष्म्याला नवी काच बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. आई म्हणाली, "मुलगा वाईट नाही गं. इतकं कोण करतं हल्ली?" अर्जदार आईला दोष देत नाही. आईच्या लग्नात आईला कोणी काही विचारलेच नव्हते, त्यामुळे कुणी असे मागे लागणे तिला मानाचे वाटते.

६. अर्जदाराचे लग्न झेरॉक्सच्या दुकानदाराशी ठरले होते. चित्रपटात नायिकेचा होणारा नवरा स्कूटरसह गटारात पडतो. ते दृश्य विनोदी आहे, प्रेक्षक खुर्च्या बडवतात. दुकानदाराच्या स्कूटरचा ब्रेक उतारावर लागला नाही. त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. अर्जदार इस्पितळात पोहोचली तेव्हा गैरअर्जदार फळे घेऊन जिन्यात उभा होता. तो हळूच म्हणाला, "घाई नाही. आत्ताशी मध्यंतर झालंय."

ब्रेकची तार कापलेली होती, असे मेकॅनिकने सांगितले. ते दुसऱ्या अर्जात लिहिले होते. नोंद अपघाताची झाली. दुकानदाराच्या बहिणीने नंतर फोन करून लग्न मोडल्याचे कळवले. तिचा आवाज रडवेला होता. तिनेही व्हिडिओ पाहिला होता.

७. संदर्भ तीनबाबत. हवालदारसाहेब हसत म्हणाले, "अहो, पण सिनेमात ती शेवटी हो म्हणतेच ना?" त्याचे उत्तर अर्जदार येथे नम्रपणे देत आहे. ती हो म्हणत नाही. नायक शाळेला सुट्टी देववतो, रिकाम्या वर्गात तिला नेतो, दाराला आतून कडी घालतो आणि म्हणतो की माझे ऐकल्याशिवाय तू बाहेर जाणार नाहीस. ती दार वाजवते. तेवढ्यात गाणे सुरू होते आणि पुढच्या दृश्यात तिने त्याचा हात धरलेला असतो. मधले काही दाखवलेले नाही. प्रेक्षकांपैकी कोणीही ते कधी विचारत नाही.

८. उद्या शुक्रवारी सहाला त्या चित्रपटाचा शेवटचा खेळ आहे. तिकीट खिडकीवरच्या ताईंनी काल अर्जदाराला बाजूला बोलावून सांगितले की सगळी तिकिटे गैरअर्जदाराने एकट्याने घेतली आहेत. मालक याला लग्नाची मागणी म्हणतात. त्यांनी कॅन्टीनला सुट्टी दिली आहे, ऑपरेटरकाकांना चित्रपट लावून घरी जायला सांगितले आहे आणि दारांच्या किल्ल्या गैरअर्जदाराकडे दिल्या आहेत. अर्जदाराने रजा मागितली. मालक म्हणाले, तूच नसशील तर खेळ कशाला?

९. आपण म्हणाल, मग जाऊ नये. अर्जदार घरी थांबली तर तो घरी येईल. आई दार उघडेल. घराला एकच दार आहे, चित्रपटगृहाला चार आहेत. त्यातले कोणते अडकते आणि कोणते खांद्याने उघडते, हे अर्जदाराला अंधारातही ठाऊक आहे. म्हणून ती कामावर जाणार आहे.

१०. तरी विनंती की : चारही दारे खेळ संपेपर्यंत उघडी राहतील असे पाहावे. दोन पोलीस, जमल्यास महिला, आत बसवावेत. हा अर्ज टेबलावर उघडा ठेवू नये. आणि गैरअर्जदाराला पुन्हा समज देऊ नये, कारण पहिल्या समजेनंतर काय झाले ते वर लिहिले आहे.

११. अर्जाच्या या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घालून ती परत मिळावी. ती तिकीट खिडकीवरच्या ताईंकडे राहील. उद्यानंतर कोणी म्हणाले की मुलीने आधी सांगितले नव्हते, तर त्या ती दाखवतील.

आपल्या उत्तराची आज रात्रीपर्यंत वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार

गुरुवार, दुपारच्या खेळाआधी

सोबत :
१) पहिल्या अर्जाची प्रत.
२) मेकॅनिकची चिठ्ठी.
३) उद्याच्या खेळाचे एक तिकीट. शेवटच्या रांगेतली एक खुर्ची मोडकी असल्याने विकली जात नाही, ताईंनी तिचे तिकीट आपल्यासाठी फाडून दिले आहे. बसता येणार नाही. उभे राहिलात तरी चालेल.