अठरा जागा आणि जळणारं कालवण

निर्मळ, वसई
८ फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप आलोशियस मामा यांस,

तुमची भाची अँजेलिना हिचा नमस्कार. आम्ही सगळे देवकृपेने बरे आहोत. आजोबांचा खोकला थंडीबरोबर आला होता, तो थंडीबरोबर जाईल असं डॉक्टर म्हणतात. आजोबा म्हणतात डॉक्टरच आधी जाईल. केळीला यंदा लोंगर चांगले धरलेत. भाजीच्या बोटीने हे पत्र येईल तिच्याबरोबरच आईने केळ्यांची एक फणी पाठवली आहे. ती एकट्याने न खाता सगळ्यांना वाटावी, असा निरोप आहे. (तुम्ही एकट्याने काही खाल अशी भीती कोणालाच नाही, पण निरोप द्यायचा म्हणून दिला.) तुमची तब्येत, गुडघा आणि समुद्र या तिन्हींचं कसं काय ते कळवावं. चौदा दिवस पाण्यात आणि चौदा दिवस जमिनीवर राहून गुडघ्याला नक्की कुठलं हवामान मानवतं, ते त्यालाच कळत नसेल.

आता मुख्य गोष्ट. मुख्य गोष्टीकडे मला नेहमी उशीर होतो, हे तुम्ही मला चुलीपुढे बसवून राखेत अक्षरं गिरवायला शिकवलंत तेव्हापासूनचं आहे. पण या वेळी उशिराला कारण आहे. मला मुख्य गोष्टीची लाज वाटते.

तुम्हाला माहीत आहे की आमच्या ऑफिसात, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मांवर काम करणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचे नियम नव्याने लिहिण्याचं काम चाललं आहे. जुने नियम कुठल्या तरी थंड देशातून आणलेले होते. त्यात बर्फावरून घसरू नये यासाठी एक अख्खं पान होतं, ते साहेबांनी मोठ्या मनाने काढून टाकलं. मागच्या महिन्यात दिल्लीहून पत्र आलं, की नियम बदलताना ते सर्वांना समान लागू होतात ना, कोणावर अन्याय होत नाही ना, हेही पाहावं आणि तसं लेखी कळवावं. गुप्ते साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. आमच्या मजल्यावर मी एकटीच बाई, तेव्हा समानता माझ्याकडेच येणार, हे त्यांना इतकं उघड वाटलं की त्यांनी कारणसुद्धा सांगितलं नाही. उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं : ‘तपासणी केली, भेदभाव आढळला नाही.’ खाली माझ्या सहीपुरती जागा.

साहेब वाईट नाहीत. (त्यांच्याबद्दल वाईट लिहिलं असं तुम्हाला वाटलं तर ते माझ्या लिहिण्यातलं वाईट समजा.) पण तपासणी केली असं लिहायचं तर ती करायला नको का? म्हणून मी चौऱ्याऐंशी पानं घरी आणून वाचली. सोबत एक लाइफ जॅकेटही आणलं, कारण नियमात लिहिलं होतं की ‘ते कोणाही माणसास बसेल’, आणि कोणाही म्हणजे कोण ते मला पाहायचं होतं. गेटपास घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळलं, तरी वाटेत चोरी केल्यासारखं वाटत होतं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर बावखलावर प्रयोग केला. आग्नेस मावशी स्वतःहून पुढे झाली. जॅकेटाचे पट्टे तिच्या पाठीमागून निघाले आणि पुढे एकमेकांना भेटलेच नाहीत. मग ते आईला घातलं. आई पाण्यात उतरली, जॅकेट तरंगलं आणि आई त्यातून खाली निघून गेली. बावखलातलं पाणी कमरेइतकंच होतं म्हणून सगळे हसलो. मी हसता हसता वहीत नोंद केली.

जॅकेटाचं एकवेळ ठीक, मापं वेगवेगळी करता येतात. पण पान एकाहत्तरवर मी अडकले. तुमच्या प्लॅटफॉर्मवरच्या दोन लाइफबोटींत मिळून जागा पन्नास. कोणी कुठल्या जागेवर बसायचं याच्या यादीत नावं अठ्ठेचाळीस, सगळी कंपनीतल्या कायम नोकरांची, हुद्द्याप्रमाणे. माणसं मात्र सहासष्ट. उरलेले अठरा कुठे गेले म्हणून मी पानं मागेपुढे केली. आचारी, धोबी, झाडणारे, भांडीवाले, असे कंत्राटदाराचे अठरा जण मला शेवटी सामानाच्या तक्त्यात सापडले. मोठ्या फ्रीजच्या खाली आणि बटाट्यांच्या वर, वजनासकट. ड्रिलच्या, म्हणजे धोक्याच्या सरावाच्या, प्रकरणात त्यांच्याविषयी एकच वाक्य आहे : घंटा झाल्यावर जमलेल्यांना त्यांनी चहा द्यावा.

मला फार राग आला. आणि राग आला की मी घरच्यांना शिकवायला जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी खळ्यात चुन्याने होडी काढली, तिच्यात सहा चौकटी आखल्या, परात बडवली आणि सांगितलं की घराला आग लागली आहे, प्रत्येकाने आपापल्या जागेवर बसावं. आधी पाच मिनिटं कोणी बसेचना. आजोबांच्या आधी बसायचं कसं म्हणून बाबा उभे, बाबा उभे म्हणून पॉल आणि सेबॅस्टियन उभे, आणि आजोबा म्हणत होते की माझं जगून झालंय, पोरांना बसू दे. पलीकडच्या वाडीचे श्रीपतकाका लावायला केळीचे पासले मागायला आले होते, तेही पाहुणे म्हणून उभे. एवढ्या वेळात खरी होडी डहाणूला पोचली असती. शेवटी सगळे बसले, मी बसले, बाबांनी मान फिरवून पाहिलं आणि म्हणाले, चला, सगळे आले, सोडा.

तेवढ्यात आई आणि आग्नेस मावशी चहाचे पेले घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मावशी चुन्याच्या रेघेवर पाय पडणार नाही अशा बेताने पेले देत होती. आईने चौकटी मोजल्या. ती चिडली नव्हती, उलट मजेत होती. म्हणाली, “अंजू, मी कुठे बसू गं?”

मामा, मी सहा चौकटी का आखल्या ते सांगते. मी ताटं मोजली होती. दुपारी पहिल्या पंगतीला जेवढी ताटं मांडतात तेवढी : आजोबा, बाबा, दोघे भाऊ, जेवणाच्या वेळेला आलेले श्रीपतकाका, आणि नोकरी लागल्यापासून मी. आई मागून जेवते, म्हणून माझ्या मोजण्यात ती आलीच नाही. श्रीपतकाकांना जागा होती आणि आईला नव्हती. जी मुलगी गुप्ते साहेबांच्या तक्त्यावर लाल पेन्सिलीने रेघा मारत होती तिनेच हा तक्ता काढला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि जेवले नाही म्हणून आईला पुन्हा माझ्यासाठी पेज करावी लागली, म्हणजे तिचं कामच वाढलं.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं की सही करता येणार नाही. अठरा जणांची नावं यादीत हवीत आणि तिसरी लाइफबोट हवी. साहेबांनी शांतपणे विचारलं, आचाऱ्यांची तक्रार आहे का? नाही म्हटलं. मग त्यांनी ड्रिलचं रजिस्टर मागवलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. अकरा ड्रिलं, अकरा शेरे. ‘ए. तुस्कानो, मुख्य आचारी, गैरहजर. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, कालवण उतरवून येतो.’ पुढच्या वेळी पापलेट तव्यावर होतं. एकदा पाव भट्टीत होता. एकदा नुसतंच, ‘म्हणाले, माझं काय एवढं.’ साहेब म्हणाले, बघा, त्यांना स्वतःलाच जागा नको आहे, आपण बळेच कशी द्यायची? (यादीत नाव नसलेला माणूस गैरहजर कसा असू शकतो, हे मी विचारलं. साहेबांनी चष्मा पुसला.)

तरी त्यांनी एवढं मान्य केलं, की पुढच्या ड्रिलला नियम लिहिणाऱ्या समितीचा माणूस येऊन पाहील. स्वयंपाकघरातले लोक घंटेला बाहेर आले तर अठराही नावं नव्या नियमांत जातील, बोटीसकट. नाही आले, तर आहे तो तक्ता कायम, बटाट्यांसकट.

इकडे बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद असं लिहायची रीत आहे, पण तिथे लहान कोणी नाही आणि सगळ्यांत मोठे तुम्हीच, तेव्हा सगळे नमस्कार तुम्हीच ठेवून घ्या.

तुमची भाची,
अँजेलिना

ता. क. : एवढं सगळं लिहिलं ते एका विनंतीसाठी. घंटा झाली की गॅस बंद करा आणि बाहेर या. कालवण अर्धं असलं तरी. सतराही जणांना घेऊन या, ते तुमच्याकडे बघून थांबतात. चहा आणू नका.

दुसरा ता. क. : ड्रिलची तारीख मला माहीत आहे. ती गुप्त आहे आणि मी सांगणार नाही, कारण मग ती लबाडी होईल. दोन रात्री विचार केला. तुम्ही प्रत्येक घंटेला या, म्हणजे मला सांगावंही लागणार नाही आणि लपवल्यासारखंही होणार नाही.

तिसरा ता. क. : मुख्य आचारी माझे मामा आहेत, हे मी काल साहेबांना सांगून टाकलं. आता एक तुम्हालाही सांगते. अठरा जागा मागितल्या त्या तत्त्व म्हणूनच मागितल्या. पण पान एकाहत्तरवर तुमच्या स्वयंपाकघराऐवजी दुसऱ्या कुठल्या प्लॅटफॉर्मचं असतं, तर माझी नजर बटाट्यांवरून पुढे गेली असती का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मोजताना मी सतरापर्यंत भराभर मोजलं आणि अठराव्याला थांबून रडले. समानतेच्या तपासणीत हे बसत नाही. तेवढं मी अहवालात लिहिलेलं नाही.