पुरलेलं रेशीम

आप्पा, तुम्ही ढेकूण मारायचं सोडलंत तिथपासून सुरू करते, कारण आपल्या घरातली सगळी गंमत आणि सगळं भांडण तिथूनच सुरू झालं. त्या वर्षी शाळामास्तरांनी तुम्हाला बुद्धाच्या चरित्राचं एक पुस्तक वाचायला दिलं होतं. दिवसभर माग चालवायचा आणि उन्हं कलली की मागाच्या खड्ड्यातच पाय सोडून मोठ्यानं वाचत बसायचं, असा तुमचा क्रम पडला. आई रहाटाशी बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या त्या बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळायची, आणि मी तिच्या हाताखाली. राजवाडा सोडून गेलेला राजपुत्र आम्हा दोघींनाही आवडला होता. पण झोपलेल्या बायकोला न सांगता गेला हे कळलं आणि आईचं मन त्याच्यावरून उडालं ते कायमचं. पुस्तक संपलं त्या दिवशी तुम्ही देव्हाऱ्यापुढं उभं राहून पंचशील घेतलंत. जीव मारायचा नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, वावगं वागायचं नाही, खोटं बोलायचं नाही, नशा करायची नाही. आई म्हणाली, "आपल्या देवापुढं त्येंचा नेम?" तुम्ही म्हणालात, "अगं, दशावतारातला नववा त्योच की. घरचाच हाय." "मग बाकीच्या नवांनाबी इचारून घ्या," असं म्हणून ती भाकरी थापायला गेली.

तेव्हापासून तुम्ही ढेकूण कागदावर घेऊन परसातल्या भिंतीपलीकडं सोडायला जायचात. मला अजून दिसतं ते, धोतराचा सोगा एका हातात, कागद दुसऱ्या हातात, आणि मुंगीच्या पावलानं चाललेले तुम्ही. मागून आई ओरडते, "त्येंला घर म्हाईत हाय, तुमच्या आधी परत येत्यात!" तुम्ही हसता, पण कागद हलू देत नाही. खरं बोलण्याचा नेम त्याहून अवघड होता. चिकोडीचं एक गिऱ्हाईक आलं, लुगडं उलगडून बघितलं आणि "रंग पक्का न्हवं?" म्हणून सहज विचारलं. कोणत्याही विणकरानं "एकदम" म्हणून मोकळं व्हावं असा तो प्रश्न. तुम्ही घसा खाकरून म्हणालात, "पयल्या दोन धुण्यात लालभडक पानी सुटंल." आईनं कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक मात्र खो-खो हसलं आणि असा विणकर जन्मात बघितला नाही म्हणत एकाऐवजी दोन लुगडी घेऊन गेलं. तुम्ही आईकडं असं बघितलंत, जणू बुद्धानं स्वतः येऊन तुमची पाठ थोपटली होती.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग रेशमाची पाळी आली. खडेबाजारात रेशीम विकायला येणारा एक कानडी व्यापारी तुमच्या ओळखीचा होता. त्याच्याशी बोलता बोलता तुम्ही विचारलंत की कोशातून धागा काढतात तेव्हा आतल्या किड्याचं काय होतं. त्यानं सांगितलं, कोश उकळत्या पाण्यात टाकतात, किडा आतच राहतो. आप्पा, हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. वीस वर्षं रेशीम हाताळलेला माणूस तुम्ही. पण ठाऊक असणं वेगळं आणि पंचशील घेतल्यावर ऐकणं वेगळं. घरी आलात, टोपी खुंटीला लावलीत आणि म्हणालात, "माझ्या मागावर आता रेशीम चढायचं न्हाई. निस्तं सूत."

माझं लग्न चार महिन्यांवर आलं होतं. मी आठ वर्षांची असल्यापासून तुम्ही म्हणत आला होता, तुझं लग्नाचं लुगडं मी विणणार, काठ रेशमाचा, पदर रेशमाचा, डाळिंबी. गल्लीतल्या प्रत्येक मैत्रिणीला मी तो पदर हातानं मापून दाखवला होता. दुसऱ्याच्या मागावरचं लुगडं नेसून मी बोहल्यावर चढणं म्हणजे विणकराच्या लेकीची शोभाच. मी रडायला लागले, आणि आई पदर खोचून पुढं झाली. "देवाचा पीतांबर रेशमाचा. कुळधर्माचा सैपाक रेशमी सोवळं नेसून. सुताला इटाळ, रेशमाला न्हाई. देवाला जे चालतं ते तुमच्या बुद्धाला का चालंना?" तुम्ही म्हणालात, "जिवंत उकळून काढलेलं सोवळं कसं गं?" त्यावर आई म्हणाली, "किडा मरून देवाच्या कमरंला लागतो. ह्याहून मोठा मोक्ष कंचा?" तुम्ही उठलात आणि मागावर जाऊन बसलात. दिवसभर खटक-खटक चालू होती.

मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं ते जरा आपटून. शेवटी तुम्हीच मला मागाजवळ बोलावलंत आणि समजावलंत की दुःखाचं मूळ तृष्णा आहे, हवं-हवं म्हणणं. "आता बघ, त्यो पदर मिळाला न्हाई म्हणून तू रडतीस. पदरानं रडवलं का तुझ्या हवं-हवंनं?" तुम्ही इतक्या मायेनं सांगत होता की मला जास्तच राग आला. मी म्हणाले, "आनि तुमाला त्यो नेम हवा हाय, ती तृष्णा न्हवं व्हय? किड्यांची दया येती तुमाला. लेकीची न्हाई." बापाला असं बोलायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. तुमचा हात धोट्यावर तसाच राहिला. तुम्ही रागावला असता तर बरं वाटलं असतं. तुम्ही नुसतं "व्हय गं, खरं हाय," एवढंच म्हणालात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून तुम्ही पेटी उघडलीत आणि तळाशी उरलेलं डाळिंबी रेशीम बाहेर काढलंत. म्हणालात, "हे किडं तर गेलं. त्येंचं मरणं पेटीत कुजवून काय उपेग? नवं इकत आणणार न्हाई, पर हाय तेवढं तुझ्या अंगावर घालतो." त्यातलं बरंचसं काठासाठी ताण्यातच, म्हणजे उभ्या धाग्यांतच, चढलं. उरल्यात पदर वीतभर होईल, मग सुताचा, असं तुम्ही मला आधीच सांगून ठेवलंत. मला तेवढंही पुष्कळ होतं असं मी तोंडानं म्हटलं. आईनं कांड्या भरून टोपलीत ठेवल्या आणि तुम्ही पदराला हात घातलात. वीत झाली. रेशीम होतं. हात झाला. टोपलीत अजून दोन कांड्या. दीड हाताचा पदर भरला तेव्हा तुम्ही टोपलीकडं बघितलंत, मग आईकडं, मग माझ्याकडं, आणि लहान पोरासारखे म्हणालात, "पुरलं गं!" अर्थात पुरलं. त्या टोपलीत नव्या रेशमाच्या कांड्या गेल्या होत्या, आणि आम्ही दोघी मायलेकी खाली मान घालून बसलो होतो.

लग्नात तुम्ही ती कथा मांडवभर सांगितलीत. "जे सोडतो ते पुरतं," असा त्याला शेवट जोडलात. निपाणीच्या माझ्या सासरच्या मंडळींनी हात जोडून ऐकली. त्यांची तंबाखूची वखार. पाचव्या नेमाप्रमाणं तंबाखू नशेत मोडते की कसं, हा प्रश्न तुम्ही व्याह्यांना पंगतीतच विचारलात, आणि माझे सासरे पानावरची जिलबी हातात धरून विचारात पडले. पुढं दर वेळी तुम्ही निपाणीला आलात की कुणीतरी म्हणायचं, ते रेशमाचं सांगा. तुम्ही सांगायचात. आणि "पुरलं" म्हणताना हळूच आईकडं बघून हसायचात. आई लाजायची, पदर डोक्यावर ओढायची. त्या वयात आई-बापांचं असं काही असतं हे बघून मलाच कसंतरी व्हायचं.

मी मात्र इतकी वर्षं समजत होते की आम्ही तुम्हाला फसवलं. परवा ते लुगडं परसात वाळत घातलं होतं. नात शाळेतून आली, उन्हात पदर हातात धरून म्हणाली, "आज्जी, हितनं फुडं लाल येगळा हाय." खरंच आहे. वीतभर पदरानंतर डाळिंबी जरा काळपट होते, आडवी रेघ मारावी तशी. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनाही उन्हात दिसली. आणि तुम्ही, केसाएवढा रंग हलला तरी कांडी बाजूला काढणारे, धागा बोटात धरून कुठल्या रंगाऱ्याचा ते सांगणारे, तुम्हाला पहिल्याच फेऱ्याला कळलं असणार. कळूनही तुम्ही विणत राहिलात. मी तिथंच कट्ट्यावर बसले आणि हसले, मग रडले, मग नातीनं पाणी आणून दिलं. तुमचा पहिला नेम आमच्या पायी मोडला हे तुम्हाला ठाऊक होतं. खोटंही तुम्ही बोलला नाहीत. नुसतं पुरलं म्हणालात, आणि पुरलं तर होतंच. पुस्तकातला तो मधला मार्ग मला कधी नीट समजला नव्हता. तो तुम्ही माझ्या पदरात विणून ठेवला होतात, हे मला सत्तरीत कळलं.

आता राहिलं एवढंच सांगते. तुम्ही नाही, आई नाही, म्हणून हे पत्र घडी घालून त्याच लुगड्यात ठेवणार आहे, नातीला अजून एवढं वाचता येत नाही तोवर बरं. आप्पा, नवं रेशीम आईनं टोपलीत ठेवलं असं तुम्हाला वाटलं. म्हणून जन्मभर तिच्याकडं बघून हसलात. शेजारच्या विणकर काकूंच्या कांड्या तुम्हाला चोरून दुपारी भरून देऊन, बदल्यात रेशमाच्या लडी मी आणल्या होत्या. आईनं मला टोपलीत कांड्या सरकवताना पकडलं, कान धरला, आणि गप्प राहिली. पुढं तुम्ही हसायला लागलात तेव्हा खरं सांगावं असं माझ्या कितीदा तोंडावर आलं. पण आई तेव्हा इतकी छान दिसायची, की ते हसू मी तिलाच राहू दिलं.