कल्पना माझी होती

५ नोव्हेंबर, सकाळ.
प्रज्योतचा गेम आला. नाव नारळचोर. आज त्याचं तंगडं मोडायचं होतं, पण तो रेवदंड्याला राहतो आणि मी दिवेआगरला. मध्ये खाडी आहे. तंगडं तूर्त बाकी.

नोंद असावी म्हणून लिहितो. हा मुलगा वर्षभर माझ्या होमस्टेच्या मागच्या खोलीत राहून माझ्याकडे गेम बनवायला शिकला. म्हणजे कोडिंग त्याला आधीच येत होतं. चित्रंही तोच काढायचा. दृष्टी माझी. आम्ही रक्तसमाधी बनवत होतो: अकरा घराणी, एक बुडता किल्ला, सूड. सात वर्षं त्या गेमवर आहे मी. गेल्या वर्षीच्या गणपतीत हा म्हणाला, दादा, आधी कायतरी छोटं करून बघू. मी म्हणालो, चालता हो. तो खरंच गेला.

भुऱ्या कुत्रा पायात आला. चप्पल फेकून मारली. चुकली, कौलावर जाऊन बसली. संकल्प: यापुढे राग फक्त कामात वापरायचा.

६ नोव्हेंबर.
नारळचोर म्हणजे काय, तर चार मित्र वाडीत शिरतात, नारळ चोरतात, वाडीवाले काका मागे लागतात, चौघं किंचाळतात. चार मित्रांनी एकत्र किंचाळणं हे सध्या सगळेच विकताहेत. त्याआधी सगळे पत्त्यांचे गेम विकत होते. त्याआधी सगळ्यांना गेममध्ये शेती करायची होती. एकाने भोपळा लावला की दुसरा वांगं लावतो, आणि घरी बसून एकट्याने लावलं म्हणून स्वतःला इंडी, म्हणजे स्वतंत्र कलावंत, म्हणवतो. अशांना रांगेत उभं करून एकेकाच्या कानाखाली वाजवली पाहिजे. विकत घेणाऱ्यांच्या दोन-दोन.

विकत घेतला. अभ्यासासाठी. एक तास बघून काढून टाकणार.

७ नोव्हेंबर.
काल अभ्यास लांबला. जेवण राहिलं. आज सकाळी उठून परत अभ्यास.

गेम भिकार आहे. पळणं चोरलेलं, अंधार चोरलेला, मित्र मेला की त्याचं भूत कानात बडबडतं तेही चोरलेलं. पण वाडीवाल्या काकांना नारळ फेकून मारता येतो. टाळक्यात बसला की ठक्क असा आवाज येतो आणि काका विहिरीत पडतात. शहाळं मारलं तर फुटून पाणी उडतं. झावळीने पाठ सोलता येते. विहिरीतून वर यायला लागले की बोटांवर पाय देता येतो. आज किती वेळा पाडले ते मोजायचं सोडून दिलं.

काका म्हणजे एक नमुना. पोट सुटलेलं, बनियनला काखेत भोक, पायात एकच चप्पल. (दुसरी काढायची मेहनत वाचवली. आळशीपणा.) आवाज नाकातला, चिरका. धावताना ओरडतात, कल्पना माझी होती. आता वाडीवाला असं कशाला ओरडेल? नारळ माझे होते म्हणेल. स्क्रिप्टकडे लक्षच नाही. पण माणूस मारायला फार बरा वाटतो. कुणाची तरी आठवण होते. बहुतेक बायकोच्या, मृणालच्या, मोठ्या भावाची.

११ नोव्हेंबर.
प्रज्योतला व्हॉइस नोट पाठवली. गेल्या वर्षापासून बऱ्याच पाठवल्यात, आज मन लावून पाठवली. चार जणांना एकत्र खेळवायचं हे मी त्याला श्रीवर्धनच्या एसटीत बोललो होतो. कल्पना माझी होती. हाडं मोडीन म्हणालो. कवटीची करवंटी करीन म्हणालो, आणि तिच्यात चटणी कालवीन. दोन निळ्या खुणा आल्या, मग एक लांबलचक मेसेज. माफीनामा असणार. वाचला नाही. त्याचे मेसेज मी वाचत नसतो.

रक्तसमाधी: दार उघडतं. गेल्या वर्षीही उघडत होतं, पण आता करकरतं.

१५ नोव्हेंबर.
नारळचोरचं अपडेट. काका आता ओरडतात, कवटीची करवंटी करीन. वाक्य अर्थातच माझं. शिष्य कितीही लांब पळाला तरी गुरूची छाप पुसत नाही. आवाज देणाऱ्याने मात्र वाट लावली आहे. हेच वाक्य माझ्या तोंडी किती भारदस्त वाटतं. कुठला नाटकातला भाडोत्री धरून आणलाय कोण जाणे. तो सापडला तर त्यालाही दोन ठेवून द्याव्या.

१९ नोव्हेंबर.
काकांनी माझ्या टीममधल्या ब्राझीलच्या मुलाला नारळाच्या आकडीने झोडपून मारलं. मी वाचवायला गेलो, मलाही मारलं. हेडफोन भिंतीवर आपटला. मेला. आता स्पीकर.

स्पीकरवर काका ओरडले आणि ओटीवर झोपलेला भुऱ्या शेपूट घालून वाडीत पळाला. कुत्र्यांना कर्कश आवाज सहन होत नाही. थोड्या वेळाने मृणाल चहा घेऊन आली. म्हणाली, एवढं ओरडायची गरज नव्हती, आणतच होते. मी म्हणालो, मी कुठे ओरडलो, हा गेम. तिने गेमकडे पाहिलं, माझ्या बनियनकडे पाहिलं, आणि ओढणी तोंडात कोंबून आत गेली. तिला बरं नसावं.

२३ नोव्हेंबर.
पुण्याचे चौघं उतरले आहेत. समुद्रावर गेलेच नाहीत. भर दुपारी खोलीत नारळचोर खेळत बसले. हसता हसता एक जण पलंगावरून पडला. मी दारात उभं राहून समजावलं की तुम्ही चोरीचा माल खाताय. चौघांनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे बघून इतके हसले की मला निघून यावं लागलं. या पिढीला उलटं टांगून खालून धूर दिला पाहिजे.

त्यावरून मृणालशी भांडण. ती म्हणाली, हसले ना चौघं एकत्र? मग कुणी आधी केलं नि कुणी नंतर, काय करायचंय? दिवेआगरात घरटी उकडीचे मोदक मिळतात, कुणी विचारतं का पहिला कुणी वळला? ताजा आहे का एवढंच विचारतात. आपला बोर्डसुद्धा तुम्ही शेजारच्यांचा बघून रंगवलात. मी म्हणालो, ती प्रेरणा होती, चोरी वेगळी, आणि मोदक ही काही कला नाही. तिने हातातला उकडीचा गरम गोळा माझ्या अंगावर मारला. छातीवर फोड आला. कलावंत स्वतःच्या घरातही सुरक्षित नाही.

३० नोव्हेंबर.
आज निकाल लावला. दिघीहून फेरी, आगरदांड्याहून एसटी, मुरूड, काशीद, रेवदंडा. सोबत बांबूचा सोटा. कंडक्टरने विचारलं हा कशाला. मी म्हणालो, व्यावसायिक मतभेद.

प्रज्योत अंगणात लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याची आई आवडाबाई दोऱ्यांवर बोंबील सुकत घालत होती. मी मुद्द्यावर आलो: माझी कल्पना चोरलीस, आता मार खा. तो उठला आणि म्हणाला, खरं हाय दादा, तुमचंच हाय सगलं. तुम्ही नसता तर गेम चाललाच नसता. तुमचं नाव टाकू काय? कवाचा विचारतोय, तुम्ही वाचतच न्हाय.

शेवटी कबुली. पण असल्या नकलेला माझं नाव? मी सोटा उगारला. सोटा मागे बोंबलांच्या दोरीत अडकला. ओढला. बांबू, दोऱ्या, बोंबील, सगळं माझ्यावर आलं. आवडाबाई म्हणाली, मुडद्या, माजं बोंबील पारलंस, आणि खराटा उचलला. पाठ, मांड्या, परत पाठ. पळताना एक चप्पल तिथेच राहिली. प्रज्योतने मोबाईल वर धरला होता. पोलिसांना लावत असणार, माझ्या भीतीने.

चर्चा निष्फळ.

२ डिसेंबर.
पालथा पडून लिहितोय. अंगाचा बोंबलांचा वास जात नाही. भुऱ्या आज पहिल्यांदाच आपण होऊन जवळ येऊन बसला.

लेखणी हेच खरं शस्त्र. नारळचोरवर रिव्ह्यू टाकला. मराठीत आणि इंग्रजीत. हा गेम नखशिखांत उसना आहे. ट्रेंडच्या मागे धावणाऱ्याला लोकप्रिय व्हायचा हक्क नाही. या अख्ख्या गेममध्ये ओरिजिनल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वाडीवाले काका. इतका परिपूर्ण मूर्ख मी आजवर कुठल्याही गेममध्ये पाहिलेला नाही. त्याची नक्कल करणं कुणाच्या बापाला जमणार नाही.

७ डिसेंबर.
माझा रिव्ह्यू सगळ्यात वर. हजारो लोकांना उपयुक्त वाटला. खाली प्रज्योतने लिहिलंय, दादा, मनापासून आभार. ठेचला त्याला.

रक्तसमाधी: चौघांना एकत्र खेळायची सोय करतोय. किंचाळताही येईल, पण गंभीरपणे.

१४ डिसेंबर.
अपडेट. नवीन भाग, नाव सुकी मासळी. काका सोटा घेऊन येतात. सोटा दोरीत अडकतो. काका ओढतात. बोंबील अंगावर. मग एक बाई खराटा घेऊन येते.

पाठ, मांड्या, परत पाठ.

काकांची चप्पल तिथेच राहिली.

१५ डिसेंबर.
मृणालला विचारलं, कधीपासून माहीत होतं. म्हणाली, पहिल्या दिवसापासून. भुऱ्यालासुद्धा कळलं होतं. गावात आणखी कुणाला, विचारलं. म्हणाली, कुणाला नाही ते विचारा, लवकर सांगून होईल.

प्रज्योतचे मेसेज वाचले, सगळे. पावसाळ्यातल्या एकात होतं, दादा, तुमच्या व्हॉइस नोट काकांसाठी वापरू का, नको असेल तर न्हाय वापरत. त्याखाली माझं उत्तर: काय करायचं ते कर, माझं काय वाकडं होणार आहे.

मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला. नाकातला आहे. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. महिनाभर मी त्या माणसाला मनापासून मारत होतो. बोटांवर पाय देत होतो. सगळ्यात जास्त मीच.

२७ डिसेंबर.
सगळ्या खोल्या भरल्या. चक्रीवादळानंतर पहिल्यांदाच. पाहुण्यांना समुद्र नको, काका हवेत. मृणालने परस्पर बोर्डावर रंगवून टाकलं, रोज संध्याकाळी पाच वाजता काका ओरडतील. मी साफ नकार दिला. मग म्हणालो, एकदाच. मग शनिवार-रविवार. काल ठाण्याच्या एका मुलीने शहाळं मारलं. खरं. कानशिलावर टेंगूळ आहे. तिची आई म्हणाली, सॉरी काका, तिला वाटलं तुम्ही विहिरीत पडाल.

शेजारच्यांनी त्यांच्या गड्याला फाटकं बनियन घालून अंगणात उभा केलाय. बोर्ड लावलाय, येथेही काका ओरडतात. गर्दी त्यांच्याकडेही आहे. त्यांच्या घरात घुसून बोर्डासकट त्यांना विहिरीत टाकावं असं वाटलं. मृणाल म्हणाली, प्रेरणा असेल.

बास झालं. आवाज माझा आहे, तो परत घेणार. रक्तसमाधीचा डेमो एक तारखेला टाकतोय. हिरोला आवाज मीच दिलाय, पोटातून, एका दमात. सात वर्षं यासाठीच होती. जगाला कळू दे मूळ कोण आणि सावली कोण.

१ जानेवारी, दुपार.
डेमो सकाळीच टाकला. दार उघडतं. हिरो बोलतो.

एक रिव्ह्यू आला. लातूरचा कुणी आहे. म्हणतो, नारळचोर चालला म्हणून आता हे महाशय काकांची नक्कल करून गल्ला भरायला निघालेत. आवाज मुद्दाम तसाच काढलाय, पण ओरिजिनलची मजा नाही. अशा ट्रेंडच्या मागे धावणाऱ्यांना रांगेत उभं करून कानाखाली वाजवली पाहिजे.

मी खाली सभ्यपणे एकच ओळ लिहिली. कल्पना माझी होती.

लगेच उत्तर आलं. डायलॉगपण तोच ढापला.

लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. मग परत टेबलावर ठेवला.

पाच वाजत आलेत. अंगणात पोरं करवंट्या घेऊन बसली आहेत. मृणालने गडी चढवून कौलावरची माझी चप्पल काढून आणली, धुऊन दारात तिच्या जोडीच्या चपलेशेजारी मांडून ठेवली आहे. त्यातली एक पायाने बाजूला सारली. दुसरी घालून निघतोय.