पिवळ्या ठिपक्याची जागा

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. गॅरेज जागेवर आहे. लिफ्टचा डावा हात अजून कुरकुरतो, छपराची गळती मी बुजवली तर ती हातभर पलीकडून सुरू झाली. तुम्ही दोघं मजेत असाल. वहिनीकडून कळतं तेवढं कळतं. ती म्हणते, तू गोदामात पंपांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतोस, वेळेवर जेवतोस आणि कुणाशी बोलत नाहीस.

माझं पत्र बघून चमकला असशील. शाळेत माझे निबंधसुद्धा तूच लिहून द्यायचास. पण काय करू, फोन तू घेत नाहीस. वहिनीने तीनदा तुझ्या हातात दिला आणि तिन्ही वेळा "मला नाही ऐकू येत" म्हणून तू तो परत केलास. मग म्हटलं, वाचता तर येतं ना याला. आता हे पत्रही वहिनीकडे सरकवू नकोस. तुझं तू वाच आणि मधे उठू नकोस.

आधी गाडीची बातमी सांगते. गाडीबद्दल मला बरं लिहिता येतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी तू विसरला नसशीलच. सोमवारी ती परत आली. तक्रार तीच, वर्षापूर्वीची. सिग्नलला उभी राहिली की थरथरते, स्टिअरिंग हातात कापतं, आणि रेस दिली की एकदम शहाणी होते. बाई म्हणाल्या, आरशात मागच्या एका गाडीच्या दोन दिसतात. मी हसले आणि बॉनेट उघडलं. ही गाडी पुन्हा या दारात येऊ नये असं मला वर्षभर वाटत होतं. का ते पुढे लिहिते.

स्कॅनर लावला. तू असतास तर म्हणाला असतास, आली हिची जन्मपत्रिका. पत्रिकेत एवढंच निघालं की उभ्या गाडीत कॉम्प्युटर नेहमीपेक्षा पाव पट जास्त पेट्रोल सोडतोय आणि तरी त्याला ते कमीच वाटतंय. रेस वाढवली की सगळं जागच्या जागी. मी प्लग काढून पाहिले, चांगले होते. कॉइल एकमेकींच्या जागी बदलून पाहिल्या, फरक नाही. पेट्रोलचं प्रेशर बरोबर. थ्रॉटल साफ केला, तो आधीच साफ होता. राहता राहिले पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, तर चारही मीच गेल्या वर्षी नवे घातलेले. त्यांच्यावर आळ घ्यायला तोंडच नव्हतं.

दोन दिवस असे गेले. तुझं सगळं शिकवणं मला पाठ आहे, दादा. हवा जेवढी मोजली जाते तेवढंच पेट्रोल सुटतं. मोजणीच्या पुढे कुठून तरी चोरून हवा आत शिरली की बिघडलंच. आणि उभ्या गाडीत इंजिन हवा थोडीच ओढतं, म्हणून तिथेच चोरी कळते. हे मला येत होतं. तरी मी प्लग नि कॉइल करत बसले. ज्या बाजूला बघायला हवं होतं तिथून माझी मान आपोआप वळत होती.

बुधवारी सकाळी शटर उघडलं आणि समोर खिळ्यावर तुझी नळी दिसली. ती हातभर काळी रबरी नळी. एक टोक कानात घालायचं, दुसरं इंजिनावर फिरवायचं, आणि चेहरा असा करायचा की जणू आतून कुणी तुझ्याशी खाजगी बोलतंय. मी तिला किती नावं ठेवली, आठवतंय? वर्षभर ती तिथेच होती. धूळ झटकायलासुद्धा मी तिला हात लावला नव्हता.

ती काढली, पुसली, कानाला लावली. कुणी बघत नाही ना, हे आधी पाहून घेतलं, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला नुसता गोंगाट. मग इंजेक्टरची टिकटिक वेगळी कळायला लागली, मग पट्ट्याची घरघर. नळीचं टोक हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागे, पार केबिनकडच्या पत्र्याजवळ नेलं आणि तिथे बारीक, न थांबणारं सूं ऐकू आलं. पाण्याची बाटली घेऊन तिथे नुसतं शिंपडलं. इंजिन दोन क्षण शांत झालं. स्टिअरिंग थांबलं, बॉनेट थांबलं. मग पाणी आत ओढलं गेलं आणि पुन्हा थरथर सुरू.

तू नेमकी तीच जागा दाखवली होतीस. "मागून हवा ओढतेय," एवढंच म्हणाला होतास. वर्षापूर्वी.

हात घालून चाचपलं. इंजिनातली वाफ परत आत नेणारी ती बारीक रबरी नळी, तिच्या खालच्या वाकणाला चीर होती. तिथे हात पुरतो, डोळा पुरत नाही. चिरेवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती, वाळून पापुद्र्यासारखी सुटलेली. आणि तिच्या वरच्या टोकाच्या क्लिपवर, वरून दिसेल असा, लाल ठिपका.

लाल म्हणजे मी. अण्णांनी गॅरेज काढलं तेव्हापासूनचा त्यांचा नियमच तो. ज्याने काम पुरं केलं त्याने शेवटच्या जोडावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. तुझा पिवळा, माझा लाल. ठिपका दिसला की दुसऱ्याने तिथे पुन्हा हत्यार लावायचं नाही, कारण घरातल्या माणसाने जबान दिलेली आहे. अण्णा गेल्यावरही आपण तो नियम मोडला नाही. आणि काम पुरं नसताना ठिपका देणारी या घरात एकच निघाली.

झालं असं की वर्षापूर्वीच्या आपल्या भांडणाच्या दोन महिने आधी मी ती गाडी सर्व्हिसला घेतली होती. चीर तेव्हाच हाताला लागली. नवी नळी यायला चार दिवस होते आणि बाईंना गाडी संध्याकाळी हवी होती. मी पट्टी गुंडाळली, म्हटलं आठवड्यात बोलावून बदलू, आणि सवयीने ठिपका देऊन टाकला. मग विसरले. अण्णा मला घाईबाई म्हणायचे ते काही उगाच नाही.

म्हणून तू मागे बोट दाखवलंस तेव्हा मी ठिपका बघून तुला अडवलं. तू म्हणालास, ठिपका असू दे, मला आवाज येतोय. मी म्हटलं इंजेक्टर. तू नाही म्हटलंस. बाई शेजारी उभ्या होत्या, मला तोंडघशी पडायचं नव्हतं, आणि मी म्हणाले ते म्हणाले.

"दादा, तुला आता ऐकू येत नाही. मान्य कर आणि बाजूला हो."

तू नळी खिळ्याला लावलीस, हात धुतलेस, बाईंना नमस्कार केलास आणि गेलास. तू ओरडला असतास तर मी दुसऱ्या दिवशी येऊन पाया पडले असते. तू माझं खरं मानलंस.

इथे पत्र संपवलं तरी चालण्यासारखं आहे. चूक झाली, कळली, माफ कर. काल रात्री जेवणाआधी मी इतकंच लिहिलं होतं. तो कागद फाडला, कारण अजून एक राहिलंय.

तू गेलास त्या दुपारी इंजेक्टर बदलायला मी मॅनिफोल्ड वर उचलला. तेव्हा ती पट्टी मला दिसली, दादा. एका बाजूने सुटली होती. मी ती दाबली, वर आणखी दोन वेढे दिले आणि सगळं परत बसवलं. गाडी सुरू केली तर थरथर बंद. मी स्वतःला सांगितलं, बघ, इंजेक्टरच होते. दुसऱ्या दिवशी तुला फोन करून तेच सांगितलं. तू म्हणालास, "बरं झालं." त्यानंतर तू आला नाहीस.

मला कळलं होतं का? अर्धवट कळलं होतं. पुरतं कळू नये म्हणून मी त्या विचाराकडे पुन्हा वळलेच नाही. तू म्हातारा व्हायला लागलास असं सगळ्यांना सांगणं सोपं होतं. वहिनी सांगायची, रेडिओ लावत नाही, चारजणांत बसला की गप्प असतो, कुणी काही विचारलं की आधीच "मला ऐकू येत नाही" म्हणून मोकळा होतो. प्रत्येक वेळी मी विषय बदलायचे. एक वर्ष बदलला.

नवी नळी या वेळी दुकानात तयार मिळाली, काल घातली. गाडी आता अशी उभी राहते की चालू आहे हे बघायला काट्याकडे बघावं लागतं. बाई संध्याकाळी आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, पट्टी, ठिपका, इंजेक्टर, त्या दुपारचंसुद्धा. त्या स्टुलावर बसून शांतपणे ऐकत होत्या. वाटलं आता किल्ली घेतील आणि दुसरं गॅरेज बघतील. त्या म्हणाल्या, "मला सांगितलंत ते बरं केलंत. पण माझी नुसती गाडी थरथरत होती. त्यांना सांगितलंत का?"

म्हणून हे पत्र. स्वतःहून सुचलं असतं तर मी तुझी बहीण म्हणून जास्त बरी ठरले असते, पण झालं ते असं झालं.

तेव्हा नीट वाच. तुला ऐकू येत होतं. फिरत्या पंख्याच्या, चार इंजेक्टरच्या आणि माझ्या आरड्याओरड्याच्या पलीकडचं तुला ऐकू आलं होतं, तेही नळी कानाला न लावता, इंजिनापासून दोन पावलं लांब उभा असताना. मला ते नळी कानात घालून, डोळे मिटून, तिसऱ्या दिवशी ऐकू आलं. डावा कान जरा कमी असेलही, वय झालंय तुझं, कानाच्या डॉक्टरकडे वहिनी म्हणते तर जाऊन ये. पण माझ्या वाक्यावरून स्वतःला बहिरा समजू नकोस. ते वाक्य खोटं होतं आणि ते बोलणारीला महत्त्वाच्या वेळी खरं बोलता आलं नाही.

हे लिहून झालं आणि इतकं हलकं वाटलं की मी उठून चहा केला आणि तो उभ्यानेच प्यायले. तू रागावशील. रागाव. वर्षभर तू माझ्यावर रागावला नाहीस याचाच मला त्रास झाला.

आता कामाचं. बाई २८ तारखेला, शनिवारी, अकरा वाजता गाडी दाखवायला आणणार आहेत. मी त्यांना सांगितलंय की काम पुरं झालेलं नाही, आणि का ते त्यांना कळलंय. क्लिपवरचा लाल ठिपका मी पुसून काढला. त्या जागी काहीच दिलेलं नाही. तुझी पिवळी डबी दगडासारखी सुकली होती, नवी आणून फळीवर ठेवलीय. झाकण मी उघडलेलं नाही.

ठिपका नाही तोवर अण्णांच्या नियमाने ती गाडी अजून आपल्याकडेच आहे. बसने ये. उतरलास की फोन कर, आणि मी बोलेन ते ऐक.

तुझी,
घाईबाई
(या वेळी घाई न केलेली)