पाच हजार लिटरचा रिव्हर्ब

३ नोव्हेंबर, सोमवार

परत नकार. पुण्याच्या ग्रुपनं सलग दुसऱ्यांदा माझा ट्रॅक परत पाठवला. हातात मावणाऱ्या जुन्या गेम कन्सोलवर संगीत करणारी मंडळी. दर दोन-तीन महिन्यांनी निवडक ट्रॅकचा अंक काढतात. शेरा असा: "सगळं अचूक. पण रिकाम्या घराची बेल वाजवल्यासारखं वाटतं."

रिकाम्या घरात निदान आवाज घुमतो. माझ्या ट्रॅकमध्ये तेवढंही नाही.

कन्सोलला चार आवाज. रिव्हर्ब, म्हणजे घुमण्याची सोय, शून्य. घुमल्याचा भास हवा असेल तर तोच सूर क्षणभरानं दुसऱ्या आवाजावर हळू वाजवायचा. म्हणजे चारातला एक नुसती नक्कल करत बसतो. आमच्या ऑफिसात असे दोघं आहेत.

शेऱ्याखाली पुढच्या अंकाची सूचना. या वेळी विषयच "जागा": आवाज खऱ्या जागेत घुमवायचा, सॉफ्टवेअर चालणार नाही. मुदत रविवार, १६ तारीख. पाठवणार. तिसऱ्यांदा नाही म्हणाले तर कन्सोल विकून टाकणार. कोणाला सांगायची वेळ येणार नाही, कारण मी हे करते हेच कोणाला माहीत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

न्हाणीघर. टाळी वाजवली, आवाज विरेपर्यंतचा वेळ फोनवर मोजला. एक सेकंदही नाही. आई दाराबाहेर.

"अंकू, आत टाळ्या कोण वाजवतंय?"

"मीच. डास आहेत."

"आन् ते पी-पी काय हाय?"

"फोन."

"डासाचा?"

न्हाणीघर रद्द.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

इतके दिवस समोर होतं आणि दिसलं नाही. चिंचोळीला आमचा कारखाना बनवतो काय? दूध थंड करायच्या स्टीलच्या टाक्या. मी तिथं तपासते काय? त्याच टाक्या.

आज अकलूजच्या डेअरीची पाच हजार लिटरची टाकी तपासत होते. वरच्या झाकणातून टॉर्च आत पडला. तो आवाज संपेचना. टॉर्च मुद्दाम परत पाडला. आठ सेकंद! गुळगुळीत, गोल, कुठे खडखड नाही.

टॉर्चची काच फुटली. कारण लिहिलं: चाचणी.

८ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या गावातल्या नव्या पेठेत सेल आणि छोटा स्पीकर घ्यायला गेले. दुकानदारानं दिवे लागणारा पुढं केला.

"गाण्याच्या तालावर लागतात की मॅडम."

"म्हणूनच नको."

"वाढदिवसाला पाहिजे का भजनाला?"

"टाकीत ठेवायचाय."

त्यानं जरा विचार केला. "मग वॉटरप्रूफ घ्या."

११ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या जेवणाच्या सुट्टीत करायचं. कन्सोल आणि स्पीकर दोरीनं झाकणाखाली सोडायचे, रेकॉर्डर टाकीच्या दुसऱ्या टोकाला. रेकॉर्डरला पॉवर बँक. कन्सोलला नाही, तिथं तिची गुणगुण गाण्यात शिरते. त्याला सेलच.

अडचण एकच: माणसं. टाकी तपासायची बाकी दिसली की जो तो डोकावतो, ठोकून बघतो. पण माझं हिरवं "पास" स्टिकर लागलं की कोणी झाकणाला हात लावत नाही. पास झालेली टाकी उघडायची नाही, हा नियम मीच केलाय. टाकी तशी पूर्ण आहे, गाडी शुक्रवारी. तेव्हा स्टिकर उद्या आधीच लावायचं.

याला म्हणतात नियोजन.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टाकी गेली.

नीट लिहिते. सुट्टीत स्टिकर लावलं, सामान आत सोडलं, रेकॉर्डर आणि ट्रॅक सुरू केला. ऐकते तर चिखल. आठ सेकंद रेंगाळणाऱ्या जागेत जलद सूर एकमेकांच्या अंगावर पडतात. कन्सोल वर ओढला आणि झाकणाशी बसून सूर काढायला लागले. नक्कल करणारा आवाज पहिला काढला. मग खालचे सूर. शेवटी निम्मे उरले, मध्ये मोठाल्या मोकळ्या जागा, आणि प्रत्येक सूर देवळाएवढा झाला. मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम.

ट्रॅक परत परत वाजत राहील असा लावून आत सोडला. सेव्ह नंतर करू म्हटलं. मी! जी गेजचं रीडिंगसुद्धा दोनदा लिहिते.

तेवढ्यात मालकांनी, भीमाशंकर सरांनी, मीटिंगला बोलावलं. झाकण लावून गेले. परत आले तर टाकीच्या जागी चौकोनी स्वच्छ फरशी. माल पाठवायचं काम येडूकाकांकडं आहे.

"काका, टाकी?"

"गेली की."

"शुक्रवारी जाणार होती ना?"

"अकलूजची गाडी मोकळीच परत चालली हुती. म्हणलं, हिरवं स्टिकर हाय, बसवूया."

"झाकण उघडून बघितलं नाही?"

"तुमीच दम दिलाय की समद्यांना."

"आतून काही आवाज नाही आला?"

"आला की. म्हणलं, नवीन मॉडेल आसंल."

ड्रायव्हरचा फोन लागला नाही. लागला असता तर काय सांगायचं, तेही ठरलं नव्हतं. सेल फार तर उद्यापर्यंत. ते संपले की कन्सोल बंद, आणि सेव्ह न केलेला ट्रॅक गेला.

आईनं ताटात शेंगाचटणी वाढली. जेवले. चेहऱ्यावर काही दिसलं नसावं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कारखाना सुटायच्या वेळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"अकलूजहून फोन होता. टाकीत भोंगा बसवलाय म्हणतात. आपण भोंगा देतो का?"

"ट्रायलवर आहे, सर."

"किमतीत धरलाय?"

"नाही, सर."

"धरायला पाहिजे होता. त्यांना आवडलाय. उद्या जाऊन बघून या."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अकलूज. टाकी डेअरीच्या शेडमध्ये बसवली होती. अंगावर हळदीकुंकवाची बोटं, झाकणाला झेंडूचा हार, काठावर भंडारा. नवं यंत्र आलं की पूजा होणारच, ते मी धरायला हवं होतं. नारळ कशावर फोडला हे मी विचारलं नाही. टाकीच्या काठाला शेंडी चिकटली होती.

टाकी सांभाळायला सिद्धनाथ म्हणून आहेत. पन्नाशीचे, पिवळा फेटा, आवाज मळ्यात कमावलेला.

"कालच्याला दुपारपातूर वाजत हुता तुमचा भोंगा. मग गप झाला. आमी लई हाका मारल्या."

आत उतरले. कन्सोल बंद. स्पीकर बंद. नवे सेल घातले, चालू केला. गेल्या आठवड्यातला जुना ट्रॅक, सगळ्या गर्दीसकट. बुधवारचा गेला. मिनिटभर टाकीत तशीच बसले. रेकॉर्डरचा लाल दिवा तेवढा चालू होता.

वरून झाकणात सिद्धनाथांचं डोकं. "मॅडम, हितं वरडलं की लई भारी वाटतंय. आईका."

"नको —"

"चांगभलं!"

आठ सेकंद. मी आतच होते.

"टाकीत तोंड घालून ओरडायचं नाही. यात अन्नपदार्थ राहणार आहे."

"मग तुमचा भोंगा अन्नपदार्थ हाय व्हय?"

मी वर चढून बाहेर आले. हिरवं स्टिकर मीच काढलं. टाकी आतून बाहेरून धुऊन घेतली, परत तपासली, नवं लावलं. आता उद्यापासून तीत दूध.

१६ नोव्हेंबर, रविवार

बुधवारचा ट्रॅक आता फक्त रेकॉर्डिंगमध्ये आहे. कालपासून तेच ऐकतेय. सुरुवातीला सुट्टी संपल्याची ठोकाठोक, मग क्रेन. मग तासन्‌तास रस्ता: टाकीत रस्ता वाघासारखा गुरगुरतो. ट्रॅक त्याखाली बुडालेला. रात्रभर गाडी उभी, तेव्हा स्वच्छ असेल म्हटलं, तर ड्रायव्हर टाकीला टेकून झोपलेला असावा. त्याचं घोरणं रिव्हर्बसकट.

मग झाकण उघडल्याचा आवाज आणि गलका. नारळ: एक ठोका, बेफाम. मग सिद्धनाथ.

"आत कोण हाय?"

ट्रॅक वाजतो.

"आरं, कोण हाय?"

ट्रॅक वाजतो. पुढं त्यांना कळतं की हे थांबतं आणि परत सुरू होतं. मग ते थांबायची वाट बघतात. मी सूर काढून जिथं जागा सोडली होती, नेमकं तिथं: "चांगभलं!" त्यांच्यामागं सगळी डेअरी. तिसऱ्या फेरीला एकाचाही ताल चुकत नाही.

माणसं कापून काढायचा प्रयत्न केला. जमत नाही. त्यांचा आवाज विरायच्या आत माझा सूर येतो, माझा विरायच्या आत ते येतात. एक कापलं की दुसऱ्याचं शेपूट तुटतं. दिवसभर हेच. खोलीचं दार लोटायचं राहिलं होतं.

"बिरोबाची जत्रा लावलीयस व्हय?" आई. "राहू दे, चांगलं हाय."

काही कापलं नाही. नारळापासून पाच मिनिटं, होती तशी पाठवली. कन्सोलसाठी गिऱ्हाईक बघायला हवं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सरांनी विचारलं, भोंग्याचं काय ठरलं. अभ्यास चालू आहे म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

निवडला. अंकातला पहिला ट्रॅक. शिवाय विचारलंय, पुण्यात समोरासमोर वाजवाल का — तुम्ही आणि ते चांगभलंवाले, दोघंही.

सिद्धनाथांना फोन केला. कन्सोल, टाकी, स्टिकर, सगळं सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"म्हंजे त्यो भोंगा न्हवता?"

"नाही. गाणं होतं. माझं."

"मग आदी सांगायचं की, पोरी. नीट गायलो आसतो."